पायघड्या कुनी घालायच्या

"पायघड्या तू घाल," ताई म्हनाल्या. "तुमच्याकडे हे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

आन् पांढऱ्या धोतरांची चळत माझ्या हातात दिली.

मी तवा पांढरं लुगडं नेसून हुबी व्हते. हिरव्या काठाचं. पथकातल्या समद्या पोरींचं तसलंच व्हतं. केसाला तेल, येनीत अबोलीचा गजरा, तोंडात भाषन. व्हय, भाषन. पुन्याहून एक मोठ्या बाई येनार व्हत्या आन् त्यांच्या स्वागताचं भाषन माझ्याकडं व्हतं. महिनाभर मी तेच बोलत व्हते. कपडे आपटताना, भाकरी थापताना. आय म्हनायची, पोरीला भूत लागलंय.

"ताई, भाषन?" म्या इचारलं.

"ते शालू म्हणेल." शालू म्हंजी मामलेदारांची लेक. "अगं, पाहुण्या विचारतात, ही कुणाची मुलगी? तेव्हा सांगायला बरं दिसतं. तू समजूतदार आहेस."

समजूतदार. तवापास्नं ह्यो शब्द मी वळखून हाय. कुनाचं काही काढून घ्यायचं आसलं की त्याला आधी समजूतदार म्हनायचं.

हे मी माझ्या बोलीत सांगते हाय. मला शुद्ध बोलता येत न्हाई असं समजू नका. ताईंनीच शिकवलं, रोज सांच्याला, जीभ वळंपातुर. त्यांची भासा मला त्यांच्याइतकीच येती. पर त्या भासंत मला फसवलं, म्हनून हे त्या भासंत सांगायचं न्हाई.

आमी परीट. मूळ गाव पाली, वेल्ह्याकडचं, राजगडाच्या पायथ्याला. तितं चुलत्यांचा पसारा वाढला आन् गावचं बलुतं समद्यांना पुरंना. बा तितंच राहिला, आय मला घिऊन भोरला आली. तवा भोर संस्थान व्हतं. कचेऱ्या, वकील, डागदर, कारकून. कपडे मळवनारी मान्सं लई. नीरंच्या घाटावर आमचा एक धोंडा व्हता आन् घरामागं भट्टी. घरोघरचे मळके कपडे आनायचे, पापडखारात भिजवायचे, भट्टीवर चढवायचे, घाटावर आपटायचे, मंग नीळ, मंग खळ, मंग इस्तरी, आन् परत घरोघर. आयनं ह्यातनं सवड काढून मला शाळंत धाडलं. का धाडलं, ते तिनं कधी सांगितलं न्हाई आन् म्या बी इचारलं न्हाई.

ताई म्हंजी वकिलांची थोरली लेक. पुन्याला कालेजात शिकून आलेली. वकिलांचे कपडे आमच्याकडंच. एकदा मी गाठोडं घिऊन गेले तवा ताई वसरीवर वाचत बसल्या व्हत्या. मला इचारलं, कितवीत हायेस. म्या सांगितलं, सातवीत. त्यांनी हातातलं पुस्तक म्होरं केलं, वाच म्हनल्या. म्या वाचलं. घाटावर वरडून वरडून आवाज तयार झालेला, पार रस्त्यापातुर गेला. ताई हासल्या. म्हनल्या, उद्यापासून पथकात ये.

पथक म्हंजी पोरींचं. ताईंनी नवंच काढलेलं. रोज सांच्याला त्यांच्या परसात जमायचं. प्रार्थना, लेझीम, सूत कातनं, आन् एकेकीनं हुबं राहून बोलनं. पैल्या दिशी ताई म्हनाल्या, "इथे आडनाव नाही, जात नाही, वडिलांचा हुद्दा नाही. सगळ्या बहिणी." म्या मागं वळून बघितलं, हे कुनाला म्हनत्यात म्हनून. मागं भिंत व्हती. मलाच म्हनत व्हत्या.

काय सांगू, मी हुरळून गेले. रातच्याला झोप न्हाई. मला सख्खी बहीन न्हवती. मी त्यांच्यासारखी येनी घालायला लागले, त्यांच्यासारखं मान तिरपी करून ऐकायला लागले, बोलताना मधीच "अगं" म्हनायला लागले. आय म्हनायची, तुझ्या अंगात वकिलीन शिरली. मी रागवायचे, पर मनातनं बरं वाटायचं.

मला येगळं ठेवत्यात हे दिसायचं न्हाई असं न्हवतं. शनवारी कवायत झाली की ताईंच्या घरी पोहे असायचे. समद्या पोरी माजघरात. मी मागल्या पडवीत. तितं बस असं मला कुनी म्हनलं न्हवतं बरं का. पैल्या शनवारी ताईंच्या आई म्हनाल्या, मळकं गाठोडं तेवढं मागल्या दारी ठेव. गाठोड्यासंगं मी बी मागल्या दारी राहिले, आन् पोहे तितंच आले. फुडल्या शनवारी माझ्याकडं गाठोडं न्हवतं, तरी पोहे तितंच आले. त्यांना ताटल्या, मला पळसाचं पान. म्या मनाला सांगितलं, बरंच हाय, घासायची कटकट न्हाई. असं मन समजवायला आमाला कुनी शिकवावं लागत न्हाई.

आन् कुनी पाहुने आले की ताई मला म्होरं करायच्या. "ही आमच्या परटिणीची मुलगी. बघा तरी कशी बोलते." शालूबद्दल त्या असं कधी म्हनल्या न्हाईत. शालू काय, बोलनारच. मी बोलले की नवल. बाजारात अस्वलाला नाचवत्यात, तसं. पर तवा मी फुगायचे. लाज आता वाटती.

मंग ताईंच्या परसात मांडव घालून पुन्याच्या बाईंना बोलवायचं ठरलं. पथकाचं नाव मोठं व्हनार. ताईंनी समद्यांम्होरं सांगितलं, भाषन ही करील. माझ्याकडं बोट करून. शालूचं तोंड एवढंसं झालं. मला त्याचा बी आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

भाषन म्या घाटावर जुळवलं. "आपण सगळ्या एका आईच्या लेकी," हे पैलं वाक्य. दुसरं भट्टीचं व्हतं. भट्टीत मामलेदाराचं धोतर आन् शिपायाचा सदरा एकाच वाफंत शिजत्यात, भाईर निघाले की दोन्ही सारखेच पांढरे, असं काहीबाही. मला ते लई आवडायचं. ताई म्हनाल्या, भट्टीचं काढून टाक, बरं दिसत नाही. म्या काढलं. बाकी समदं त्यांना पसंत पडलं.

बाई यायच्या चार दिस आधी आयनं वकिलांकडनं जुन्या धोतरांची लांब कापडं आनली. म्या इचारलं, कशाची. म्हनली, मांडवाचे पडदे. म्हंजी माझ्या भाषनाच्या मागं हे लागनार. मंग काय, म्या ती कापडं अशी धुतली की इचारू नका. दोनदा भट्टी दिली. नीळ बेतानं. आय म्हनली, खळ नगं देऊ ह्याला. का, ते सांगितलं न्हाई. ती जरा तिकडं गेली तशी म्या भाताची पेज गाळून घट्ट खळ दिली. पडदा कसा ताठ पायजे.

ती हीच कापडं. आता माझ्या हातात.

पायघड्या म्या पालीला बघितल्या व्हत्या. लगनात नवरा दारात आला की परटानं त्याच्या पायाखाली धुतलं कापड घालायचं. माझा आज्जा घालायचा. कापडं दोन-तीनच. नवरा मागच्या घडीवरनं म्होरच्या घडीवर आला की मागची उचलायची, वाकूनच म्होरं पळायचं, परत त्याच्या पायाम्होरं टाकायची. मांडवापातुर असंच. त्याचा पाय मातीला लागला न्हाई पायजे आन् आपली पाठ सरळ झाली न्हाई पायजे. मंग नारळ मिळायचा, खन मिळायचा. ह्याला म्हनत्यात परटाचा मान.

ती चळत म्या ताईंच्या हातात परत दिली. "न्हाई घालनार," म्हनलं. आजपातुर ताईंना म्या कशालाच न्हाई म्हनलं न्हवतं.

मला वाटलं, आता रागावतील. न्हाईतर जवळ घेतील, चुकलं गं म्हनतील. दोन्ही झालं न्हाई. त्यांनी इहिरीकडं तोंड केलं आन् हाक मारली.

"सखू, ये गं. ही नाही म्हणतेय. तूच घे."

सखू म्हंजी माझी आय. ताईंच्या आईच्या वयाची, पर हाक एकेरीच. आय इहिरीमागनं आली. डोईवर पदर, कपाळाला ठसठशीत कुकू, सनाला नेसती ते लुगडं. माझ्याकडं बघितलं न्हाई. कापडं घेतली आन् दाराकडं गेली.

म्हंजी आयला ठाऊक व्हतं. समद्यांनाच ठाऊक व्हतं. मी न्हाई म्हनंन हे बी धरून चालले व्हते. भाषन काढून घ्यायचं हे चार दिसांमागंच ठरलं, आन् तरी काल सांच्याला ताई माझ्याकडनं ते म्हनून घेत व्हत्या. छान, अजून जरा सावकाश, असं म्हनत व्हत्या. शालू शेजारी बसून ऐकत व्हती. मला वाटलं, कवतिकानं ऐकती. ती पाठ करत व्हती.

तवर मोटारीचा भोंगा वाजला. पोरी लेझीम घिऊन दोन बाजूला हुब्या राहिल्या. मी बी राहिले. कुठं जायाचं ते सुचंना, म्हनून माझ्या जागंवर जाऊन राहिले. भोरातली मोठी मान्सं, त्यांच्या बायका, समदी मांडवात बसलेली. बाई उतरल्या, ताईंच्या आईनं ववाळलं, लेझीम सुरू झाली.

आन् आयनं पैली घडी टाकली.

माझ्या खळीनं कापड ताठ झालं व्हतं. ते जमिनीवर बसंना. घडी मोडली तितं टोक वर यायचं. मंग आय गुडघ्यावर बसून दोन्ही तळहातांनी ते दाबून धरायची, बाईंचा पाय त्यावर पडंपातुर. मंग उठायची, मागचं उचलायची, वाकून म्होरं पळायची, परत टाकायची, परत दाबायची. खळ नगं का म्हनली ते मला तवा कळलं. म्या जेवढ्या मायेनं धुतलं तेवढं तिला जास्ती वाकावं लागलं.

बाई हासत चालल्या व्हत्या, दोन्हीकडं हात जोडत. खाली बघत न्हवत्या. एकदा त्यांची चप्पल आयच्या बोटांवर पडली. त्यांना कळलं बी न्हाई. आयनं बोटं वढून घेतली न्हाईत. कापड उडंल म्हनून तशीच ठेवली.

माझी लेझीम थांबली. मी रांगंतनं भाईर आले आन् बाईंच्या म्होरची घडी उचलली.

"सोड," आय दबक्या आवाजात म्हनली. "माझं काम हाय."

तिनं कापड वढलं. म्या सोडलं न्हाई. एका टोकाला ती, एका टोकाला मी. आमी मायलेकी धोतरावरनं झोंबत व्हतो आन् समदं भोर बघत व्हतं. बाईंचा एक पाय घडीवर, दुसरा ठेवायला जागा न्हाई. त्या थांबल्या. त्यांनी ताईंना इचारलं, "कोण ही मुलगी?"

"परटाची आहे," ताई म्हनाल्या. "लक्ष देऊ नका, तिला समज नाही."

मगाशी मी समजूतदार व्हते. आता मला समज न्हवती. नाव बी न्हवतं. वरीसभर बहीन म्हनलेल्या तोंडातनं माझं नाव निघालं न्हाई. आयची बोटं चेंगरली त्याच्यापरीस मला हे जास्ती लागलं, आन् ह्याचा मला अजून राग येतो. माझा मला.

"मी हिची लेक," म्या म्हनलं. आवाज पार रस्त्यापातुर गेला आसंल. "हितला सडा सकाळी म्याच घातलाय. मातीवरनं चाला. पाय मळायचे न्हाईत."

लेझीम बंद पडली. बाईंनी निऱ्या जरा उचलल्या आन् त्या मातीवरनं चालत मांडवात गेल्या. जाऊन खुर्चीत बसल्या. त्यांना काही झालं न्हाई. मातीवरनं चालून कुनाला काही होत न्हाई.

आयनं मला समद्यांम्होरं मुस्काडीत मारली. मंग खाली बसून घड्या गोळा करायला लागली, एकावर एक, काठाला काठ लावून. म्या लेझीम तितंच ठेवली आन् निघाले.

मी रस्त्याला लागले तवर मागं परत वाजंत्री सुरू झाली. मंग शालूचा आवाज आला. "आपण सगळ्या एका आईच्या लेकी." म्या जुळवलेलं समदं, जिथं मी थांबायचे तिथंच थांबत, एक शब्द इकडंतिकडं न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वकिलांच्या कुंपनाभाईर बाभळीखाली हुबी राहून माझं भाषन पुरं ऐकलं. मंग रडू आलं. तोंडात पदर कोंबून रडले.

आय सांच्याला घरी आली. वटीतला नारळ चुलीपाशी ठेवला, खन खुंटीला टांगला. मंग म्हनली, "तुला आधी सांगितलं आसतं तर तू गेली नसतीस. चार दिस हासत व्हतीस, म्हनलं हासू दे."

म्या म्हनलं, "आये, तू पडदे म्हनलीस."

ती म्हनली, ह्यो आपला मान हाय. दुसऱ्या कुनाला मिळत न्हाई.

ह्यावर मी लई इचार केलाय. जवा जवा घाटावर एकटी आसते तवा करते. मान आसता तर मामलेदारीन तो मागायला आली आसती. वकिलीन भांडली आसती, औंदा मान आमच्या घरात द्या म्हनून. हळदीकुकवाला कुनाला पैलं कुकू लावलं ह्यावरनं त्या महिना महिना बोलत न्हाईत. आन् ह्या एका मानाला कुनीच हात लावत न्हाई? पिढ्यान्पिढ्या आमच्याच गळ्यात? जो मान दुसऱ्या कुनालाच नगं हाय, तो मान न्हवं. एवढं कळायला मला मुस्काडीत खावी लागली.

वकिलांचे कपडे बंद झाले. मामलेदारांचे बी. आय घाटावर लांब, दुसऱ्या धोंड्यावर जाऊन धुवायला लागली. तिनं मला कधी माफ केलं न्हाई. मरंपातुर न्हाई. पालीला गेलो तरी बाला सांगायची, हिनं माझं तोंड काळं केलं. म्या तिला दोष देत न्हाई. पर तिनं मला फसवलं हे बी म्या इसरले न्हाई. ताईंनी फसवलं ते समजू शकते, त्या परक्या व्हत्या. आयनं मला चार दिस हासू दिलं आन् तसंच त्या दारात धाडलं, हे समजून घ्यायला मला जन्म पुरला न्हाई.

मंग एका दिशी ताई घाटावर आल्या. पैल्यांदाच. पायऱ्या वल्या व्हत्या, त्या निऱ्या धरून उतरल्या. मी कपडे पिळत व्हते, पिळत राहिले. आय लांब व्हती.

म्हनाल्या, झालं ते झालं. पथकात तुझी जागा आहे. बाईंना माफीचे चार शब्द लिही, मी पोचवीन. त्यांनी विचारलं होतं, त्या मुलीचं पुढे काय झालं म्हणून. मंग जवळ आल्या आन् माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात मऊ व्हता. खरं सांगते, एक घटकाभर मला वाटलं, जावं. परत ती येनी घालावी, परत ते "अगं". मला त्यांच्याशिवाय कुनी मैतरीन न्हवती. सांच्याची येळ खायला उठायची.

तवा त्या म्हनाल्या, "अगं, पथकासाठी थोडं सोसावं लागतं."

"सोसायला मीच का?" म्या इचारलं.

त्यांनी खांद्यावरचा हात काढला.

"पथकात येते," म्या म्हनलं. "एक करा. फुडल्या वक्ताला पाहुन्या आल्या की पायघड्या तुमच्या आईनं घालायच्या. माझी आय खुर्चीत बसंल. एकच दिस. त्या दिशी मी भाषन करीन, भट्टीच्या वाक्यासकट."

मी थट्टा करते की काय ते ताईंना कळंना. मी थट्टा करत न्हवते.

"काहीतरीच बोलतेस," त्या म्हनाल्या, आन् पायऱ्या चढून गेल्या.

त्यानंतर लई मंडळं निघाली. संस्थान गेलं, राज्य बदललं. भगिनी म्हननाऱ्या आल्या, माता म्हननाऱ्या आल्या. त्यांना परटाची एक पायजेच आसती, शिक्षन झालेली, बोलनारी, म्होरं करायला. मी त्यांना चहा देते. त्यांचं समदं ऐकून घेते. मंग एकच इचारते. आय आता न्हाई, तिच्या जागी खुर्चीत मी बसंन. पायघड्या घालायला तुमच्या घरची कोन वाकनार, ते सांगा. मी कप उचलते. उत्तर येईल तवा येईल. तवर मी कुनाची बहीन न्हाई.